मी हे बोललोच नव्हतो

खोली द्यायच्या आधी काकांनी माझे पाय बघितले.

बघितले म्हणजे ओझरते नाही. मला ओट्यावर बसवलं, बूट काढायला लावले, मोजे काढायला लावले, आणि स्वतः समोर स्टुलावर बसून चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मी सांगलीहून नुकताच इंदूरला आलो होतो. पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि खोली शोधत सुदामा नगरातली बरीच घरं पालथी घालून झाली होती. कुणी जात विचारली, कुणी मटण खाता का विचारलं, कुणी लग्न का नाही झालं ते विचारलं. पायांची चौकशी कुणी केली नव्हती.

"बोटांच्या मधे ओल आहे," काका म्हणाले.

"चालत आलो. घाम आला असेल."

"ओल ती ओल. पुसायची आदत ठेवा. आता अंदर या, खोली बघून घ्या."

माझ्या आधी एक बँकेतले गृहस्थ खोली बघायला आले होते, माणूस सभ्य होता, पण त्याच्या पायांना चिखल्या होत्या, म्हणून काकांनी त्याला परत पाठवलं होतं. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. सांगताना त्यांना त्यात काही विचित्र वाटत होतं असं दिसलं नाही. चाळीस-एक वर्षांच्या संसारानंतर माणसाला कशाचंच काही वाटत नसावं.

काका तेव्हा सत्तरीच्या आसपासचे. काळे, काटक, मान किंचित पुढे. घराण्यात महूच्या छावणीतली पलटण आजोबांपासूनची. काका स्वतः दुसऱ्या महायुद्धात बर्म्याला जाऊन आलेले. तिथून आल्यावर पलटण सोडली आणि इंदूरच्या एका कापडमिलमध्ये लागले, ते विणाई विभागात जॉबर, म्हणजे मुकादम, होऊन निवृत्त झाले. मिलमध्येही म्हणे ते पाळी सुरू व्हायच्या आधी कामगारांचे पाय बघत. विणाईत हवा मुद्दाम दमट ठेवतात, नाहीतर सूत तुटतं, त्यामुळे काकांना तिथे काळजीला कायम वाव होता.

बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोरच्या भिंतीशी टीव्ही, अशी मांडणी होती. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी काका रुमाल काढून घडी करून मांडीवर ठेवत, आणि निवेदक पडद्यावर आला की त्याला म्हणत, "हां, बोला."

तो बोले. मधे मधे काका त्याला थांबवत. तो थांबत नसे, पण काकांना त्याची पर्वा नव्हती.

"सरकारने उद्योगांसाठी नवे दरवाजे उघडले आहेत," अशा अर्थाचं काहीतरी त्या दिवसांत रोजच हिंदीतून सांगितलं जायचं. काका शांतपणे म्हणत, "भिया, इधर मिल का दरवाजा तो बंद हुआ. उसका भी बोल दो." तो नमस्कार करून गेला की काका रुमाल परत टीव्हीवर घालत. "झूठ नाही बोलत बिचारा," ते मला समजावून सांगत. "पण पूरा नाही बोलत."

गल्लीत केबलवाला आला तेव्हा त्यालाही त्यांनी ओट्यावरूनच वाटेला लावलं. "कितने चैनल?" त्यांनी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. "इतने लोग घर में कहाँ बैठाऊँगा?" काका म्हणाले.

त्यांना युद्धाबद्दल विचारलं की ते मोज्यांबद्दल बोलत. मी कितीतरी वेळा प्रयत्न केला. बर्म्यात जंगल कसं होतं? ओलं. जपानी कसे होते? दिसत नसत. मग तुम्ही काय करायचात? मोजे वाळवायचो. गोऱ्या साहेबानं रोज पाय कोरडे करायचा हुकूम दिला होता, आणि अंगावर कपडे ओले, जमीन ओली, हवा ओली असताना पाय कोरडे कसे करायचे ते मात्र साहेबालाही माहीत नव्हतं. काका मोजे पोटाशी, बनियनच्या आत ठेवून वाळवत. ज्यांनी नाही वाळवले त्यांचे पाय सडले. काकांची लढाई मी ऐकली ती एवढीच.

आणि खच्चरं, म्हणजे खेचरं. काका खच्चरांच्या तुकडीत होते. दारूगोळा, पाणी, जखमी, सगळं खच्चरांच्या पाठीवर. जंगलात खच्चर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागतो, म्हणून ऑपरेशन करून त्यांचा आवाजच काढून टाकत.

"म्हणजे मुकं करायचे?"

"तोंड उघडायचं ते. मान पण वर करायचं. आवाज नाही यायचा." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पहिले पहिले अजीब वाटायचं. मग आपणच त्याच्याशी बोलायचं. सवय होते."

काकांच्या शौर्याच्या कथा मात्र सगळ्या गल्लीला पाठ होत्या, कारण त्या त्यांचे जावई सांगत. जावई इंदूरजवळच्या हातोदला मंडीजवळ बियाण्यांचं दुकान चालवायचे, आवाज मोठा, मन मोकळं. त्यांच्या म्हणण्यानुसार सासऱ्यांनी एका टेकडीवर एकट्याने संगिनीनं काही जपानी लोळवले होते. त्यांची संख्या दर दिवाळीला थोडी वाढे. काका हे ऐकत बसत. एकदा मी त्यांना विचारलं, हे खरं का? "दामादचं तोंड कोण धरणार?" ते म्हणाले.

या घरात आणखी दोन माणसं होती. काकांचा मुलगा, ज्याला सगळी गल्ली दादा म्हणे, आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादा चाळिशीचा, आडव्या अंगाचा, भरघोस मिशांचा. वडिलांच्याच मिलमध्ये फिटर होता. मी राहायला आलो तेव्हा मिल बंद पडून काही महिने झाले होते, तरी दादा रोज डबा घेऊन जायचा. कामगार गेटपाशी बसत, कुणीतरी पुढारी येऊन बोलून जाई, पत्ते रंगत, डबे खाल्ले जात, आणि पाळी सुटायच्या वेळेला सगळे घरी परतत. मग एक दिवस आतली यंत्रं सुटी करून ट्रकमध्ये भरायला सुरुवात झाली. दादानं ज्या यंत्रांना रोज तेल घातलं होतं ती भंगार म्हणून गेटातून बाहेर निघाली. त्या दिवशी तो लवकर घरी आला, डबा न उघडता ओट्यावर ठेवला, आतल्या खोलीत जाऊन खाटेवर पडला आणि तोंड भिंतीकडे केलं.

ते तसंच राहिलं.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, दोन दिवस जातील. मग आठवडे गेले. तो रात्री उठून चार घास खायचा, पुन्हा पडायचा. दाढी वाढली. बोलणं बंद. मिलमधले मित्र येऊन त्याच्या पाठीशी बोलून जात. जावई आले की दारात उभं राहून म्हणत, "अरे साले साहब, किसके लड़के हो, याद है ना? ज्याच्या बापानं जपान्यांना पाठ नाही दाखवली, तो तू भिंतीला तोंड दाखवून राहिला?"

काका दिवसातून दोनदा आत जात. "उठ," म्हणत. थोडा वेळ उभे राहत आणि बाहेर येत. दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचत नसावं.

एका संध्याकाळी मी कारखान्यातून आलो तर वहिनी माझ्या दारात. हातात झुरळं मारायच्या औषधाची बाटली. "ही तुमच्या खोलीत ठेवते," म्हणाल्या. "इकडे झुरळं जास्त आहेत ना." माझ्या खोलीत एकही झुरळ नव्हतं. मी बाटली घेतली आणि कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली.

याच सुमारास टीव्हीवाले महूला आले. महायुद्धात लढलेल्या जुन्या सैनिकांवर एक माहितीपट बनत होता. पलटणीतल्या कुणीतरी काकांचं नाव सांगितलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसने महूला गेले. तिथे झाडाखाली खुर्ची मांडून त्यांना बसवलं, समोर कॅमेरा, आणि बोला म्हणाले. काका बरंच बोलले. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत?

"जे झालं ते."

"मोज्यांचं?"

"ते पण."

माहितीपट एका रविवारी सकाळी लागणार होता. जावयांनी ही बातमी हातोदपासून सिमरोलपर्यंत पोचवली. रविवारी काकांच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जावई हार घेऊन आले होते आणि आपला नवा रंगीत टीव्हीही मोटारीत घालून घेऊन आले होते, कारण वीरपुरुष काळा-पांढरा बघणं बरं दिसत नाही. समोरच्या तिवारीभाभी आपल्या सुनांसकट. काकूंच्या माहेरची काही मंडळी. वहिनी स्वयंपाकघरात पोहे परतत होत्या. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथून दादाची पाठ दिसत होती.

काकांनी आपल्या टीव्हीवरचा रुमाल सवयीनं काढला आणि जावयांच्या टीव्हीला म्हणाले, "हां, बोला."

माहितीपट चांगला होता. जुनी युद्धाची दृश्यं, नकाशे, नद्या. एक जपानी म्हातारा दिसला, एक इंग्रज म्हातारी नर्स दिसली. मग खच्चरांची रांग एका नदीत उतरताना दाखवली तेव्हा काका खुर्चीत पुढे सरकले. आणि मग एकदम काका स्वतःच आले. झाडाखाली, खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. जावयांनी तेवढ्यात हार घातला.

पडद्यावरचे काका बोलत होते. ओठ हलत होते, एक हात वर-खाली होत होता. पण त्यांचा आवाज बंद केलेला होता, आणि त्यावर निवेदकाचा भारदस्त आवाज चालला होता: "ये वो वीर थे, जिन्होंने डर को कभी जाना ही नहीं."

काका दिसले तेवढेच. पुढे पुन्हा नकाशा आला.

काका उभे राहिले. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. मग पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"मी हे बोललोच नव्हतो," ते म्हणाले.

"अहो बाबूजी, वो तो कॉमेंट्री आहे," जावई म्हणाले. "कितना बढ़िया बोला तुमच्याबद्दल."

"मी बोललो होतो की डर लगता था. रोज. सकाळी डोळे उघडले की पहिले डर, मग बाकी सगळं. तेच काढून टाकलं त्यांनी."

तिवारीभाभींच्या एका सुनेनं डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला.

काका खाली बसले नाहीत. उभ्या उभ्याच, बातम्यांतल्या माणसाशी बोलत त्याच शांत आवाजात बोलू लागले. नदीच्या काठाला धुकं होतं. पलीकडून फायरिंग सुरू झालं. सगळे आडवे झाले. काकांना आडोसा सापडला नाही, म्हणून ते आपल्या खच्चराच्या पोटाखाली घुसले आणि त्याचे पुढचे पाय घट्ट धरून बसले. खच्चर पळालं असतं तर वाचलं असतं. काकांनी सोडलं नाही.

"त्याला लागत होतं. मला खाली कळून राहिलं होतं, गोळी लागली की ते हलायचं. तोंड उघडायचं. आवाज तर नव्हताच त्याला. मी पाय नाही सोडले. माझी पँट ओली झाली. पण बर्म्यात सगळंच ओलं, त्यामुळे कोणाला समजलं नाही."

जावई हातातल्या हाराच्या पिशवीकडे बघत होते.

"मग?" कुणीतरी विचारलं.

आवाज आतल्या खोलीतून आला होता. वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. दादाचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, पण बोलला तोच होता.

काका दाराकडे वळले. "मग काय? लढाई संपली. महूला घरी आलो. सगळ्यांनी हार घातले. मी आत गेलो, खाटेवर पडलो, आणि भिंतीकडे तोंड केलं."

"किती दिवस?"

"मोजायला कोण बसलं होतं? पुष्कळ."

मग दादानं विचारलं, "उठलात कसे?"

"मी कुठे उठलो? आईनं शेजारचे दोघं बोलावले. म्हणाली, हा नाही येत तर नको येऊ दे, खाट माझी आहे, खाट बाहेर काढा. त्यांनी खाट उचलून सडकेवर नेऊन ठेवली. मी वर होतोच."

हे बोलून काकांनी जावयांकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "चला," ते म्हणाले. "पकडा."

मी आयुष्यात बरीच अवजड यंत्रं हलवली आहेत, पण तशी वाहतूक पुन्हा केली नाही. डोक्याकडे जावई आणि मी, पायांकडे काका आणि तिवारीभाभींचा एक मुलगा. दादा हलला नाही, विरोधही केला नाही. बाहेरच्या खोलीतली मंडळी भिंतींना चिकटून उभी राहिली. पंचाईत पुढच्या दारात झाली. खाट आडवी मावेना. तिरपी करावी लागली, आणि तिरपी होताच दादा घसरायला लागला.

"धरून बस," काका म्हणाले. "पडशील नाहीतर."

आणि दादानं खाटेची दांडी धरली. दोन्ही हातांनी. माझ्या माहितीप्रमाणे खाटेवर पडल्यापासून त्यानं स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट.

आम्ही खाट गल्लीत विजेच्या खांबाशेजारी ठेवली. ऊन होतं. दादानं एका कुशीवर वळून पाहिलं, तिकडे तिवारींचं फाटक होतं. दुसऱ्या कुशीवर वळला, तिकडे आम्ही सगळे. शेवटी त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. काकांनी स्टूल आणून शेजारी मांडलं आणि पेपर वाचत बसले. वहिनींनी पोह्यांच्या बश्या बाहेरच आणल्या. एक बशी त्यांनी चादरीजवळ ठेवली, इंदुरी पद्धतीनं बडीशेप-शेव घालून, आणि मागे न बघता आत गेल्या. पाहुणे निघायचं नाव घेईनात. ते टीव्ही बघायला आले होते आणि टीव्ही बंद झाला होता.

थोड्या वेळानं चादरीतून एक हात बाहेर आला आणि बशी आत गेली.

त्यानंतर हा नेम झाला. सकाळी माझी कारखान्याची बस यायच्या आधी मी आणि काका खाट बाहेर काढायचो, संध्याकाळी आत घ्यायचो. गल्लीला एका आठवड्यात सवय झाली. भाजीवाला खाटेपाशी थांबून हातगाडीवरची भाजी लावून घ्यायचा आणि चादरीशी चार गोष्टी बोलायचा. एक गाय सकाळी येऊन खांबाला अंग घासायची. कुणी नवा माणूस विचारायचाच, "इनको क्या हुआ?" काका पेपरातून डोकं न काढता सांगत, "कुछ नहीं. मिल बंद हो गई." इंदूरमध्ये तेव्हा तेवढं पुरे होतं.

मग एका सकाळी तिवारीभाभींची पाण्याची मोटर बिघडली. त्या ती दोन्ही हातांत घेऊन फाटकातून बाहेर आल्या आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली. "भिया, ऐसे भी पड़े ही हो," त्या म्हणाल्या. "लेटे-लेटे ही देख लो."

मी बससाठी निघालो होतो, तो थांबलो. काकांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटणं थांबलं.

चादर बाजूला झाली. दादा कोपरावर उठला. मोटरीचा दांडा दोन बोटांनी फिरवला, कान जवळ नेला, पुन्हा फिरवला.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. मग उठून बसला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, माझा पाना-पेचकस कुठे ठेवलायस?"

वहिनी एवढ्या जोरात धावल्या की उंबऱ्याला ठेच लागली.

माझी बस चुकली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. संध्याकाळी परत आलो तेव्हा खाटेभोवती एक मिक्सर, एक टेबलफॅन आणि इस्त्री अशी रांग होती, आणि दादा खाटेवर मांडी घालून मध्यभागी. दाढी तशीच, पण हात ग्रीसनं काळे. त्याच आठवड्यात वहिनी माझ्या दारात आल्या आणि औषधाची बाटली परत मागितली. "तिकडेच झालीत झुरळं," म्हणाल्या. मी काढून दिली. त्यांनी ती तिथल्या तिथे मोरीत ओतली, बाटली विसळली आणि घेऊन गेल्या.

जावयांनी पुढे जपान्यांची गोष्ट सांगणं बंद केलं. काही दिवस ते अवघडल्यासारखे वागले, मग खच्चराची गोष्ट सांगू लागले. त्यांच्या गोष्टीत आता दोन खच्चरं होती.

मी नंतर पुण्याला गेलो. बऱ्याच वर्षांनी कामासाठी इंदूरला आलो तेव्हा काका जाऊन काही काळ झाला होता. मुख्य रस्त्यावर दादाचं दुकान होतं, मोटरींचं वाइंडिंग भरून द्यायचं, हाताखाली दोन माणसं. त्यानं मला मिठी मारली आणि शर्टाला ग्रीस लावलं. मग घरी काकूंना भेटायला गेलो. त्या खूप थकल्या होत्या, पण ओळखलं. चहा झाला, काकांच्या आठवणी निघाल्या. मी म्हणालो, काकांच्या आईंची कमाल. त्यांनी काकांना खाटेसकट बाहेर काढलं नसतं, तर इकडे दादाचं काय झालं असतं!

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांना? हे कुठले पडून राहतात? बर्म्यातून आले अन् लगेच मिलमध्ये लागले. बुखार असला तरी बसून राहायचे."

"मग ते खाटेचं?"

"ते माझे जेठ होते. ह्यांचे मोठे भाऊ. ते पण लढाईत होते, दुसरीकडे कुठे. आल्यावर असे भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. मी लग्न होऊन आले तेव्हा आतल्या खोलीत होते. सासूबाई दार लावून ठेवायच्या. फौजी घराणं ना, लाज वाटायची. कोणी आलं तर सांगायच्या, तो बाहेरगावी आहे."

"मग त्यांना बाहेर कधी काढलं?"

"गेले तेव्हा."

मी कप खाली ठेवला. मग म्हणालो, "आणि खच्चराचं? तेही काकांनी बनवलेलंच?"

"ते मला नाही माहीत," काकू म्हणाल्या. "बर्म्यात मी नव्हते."

"दादाला ठाऊक आहे हे, मोठ्या काकांचं?"

"तो तेव्हा झाला पण नव्हता. त्याला कशाला सांगायचं?" काकूंनी माझ्या पुढचा रिकामा कप उचलला. "त्याची खाट तर निघाली ना बाहेर."